कीपर लीगमध्ये तरुण उंच फॉरवर्ड निवडताना: नवख्यांसाठी

मेलबर्नच्या ऑफिसात नवीन माणूस रुळला की त्याला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला लगेच: फूटीत (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये) तुझी टीम कोणती? दुसरा जरा उशिरा, बहुधा एखाद्या फेब्रुवारीत: आमच्या लीगमध्ये एक जागा रिकामी झालीय, येतेस का? ही लीग म्हणजे फॅन्टसी लीग, खऱ्या खेळाडूंवर कागदोपत्री संघ चालवायचा खेळ. मला दुसरा प्रश्न आला तो २०१५ साली. मी मूळची इचलकरंजीची, राहते टार्निटला, लॅव्हर्टनमधल्या एका वाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. ड्राफ्ट, म्हणजे क्रमाने खेळाडू निवडणं, हे आयपीएलच्या लिलावासारखं काहीतरी असेल असं समजून गेले आणि पहिल्याच फेरीत माती खाल्ली.

झालं असं, की २०१४ च्या नोव्हेंबरात एएफएल या राष्ट्रीय लीगच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये सेंट किल्डा क्लबने पहिल्या क्रमांकावर पॅडी मकार्टिन हा उंच फॉरवर्ड (गोलजवळ राहून गोल मारणारा) घेतला होता आणि दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्नने ख्रिश्चन पेट्राका. फेब्रुवारीत सरावात पेट्राकाचा गुडघा गेला, त्याचा अख्खा मोसम बुडाला. मी म्हटलं, एक नंबरचा उंचापुरा मुलगा समोर असताना कुबड्यांवरचा कशाला घ्या? मकार्टिन घेतला. पुढे त्याच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसत गेला आणि कारकीर्द तुटत तुटत चालली. पेट्राकाने २०२१ ची ग्रँड फायनल गाजवून त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल नेलं. यात मकार्टिनचा काडीचाही दोष नाही. मी क्रमांक बघितला, उंची बघितली आणि बोट ठेवलं, एवढंच.

तेव्हापासून उंच फॉरवर्ड या एकाच जातीच्या खेळाडूवर मी जरा जास्तच वेळ घालवलाय. (घरी याला वेगळा शब्द आहे.) कीपर लीग म्हणजे काय ते एका वाक्यात: दहा-बारा जण आळीपाळीने खरे खेळाडू आपापल्या यादीत घेतात, त्यांच्या प्रत्यक्ष खेळाचे गुण आपल्याला मिळतात, आणि मोसम संपल्यावर बरेचसे खेळाडू पुढच्या वर्षी आपल्याकडेच राहतात. राहतात म्हणूनच तरुण मुलं घेण्यात अर्थ असतो.

आधी हे जमवून ठेवा

- तुमच्या लीगचा नियमांचा कागद. कितीजण राखता येतात, नवोदितांसाठी वेगळ्या जागा आहेत का, नावं कमी करायची शेवटची तारीख कोणती, अदलाबदल कधी बंद होते, हे सगळं त्यात असतं. कागद नसेल तर लीग चालवणाऱ्याकडून मेलवर लिहून घ्या; तोंडी नियम ऐन वेळी बदलतात.
- एक साधी स्प्रेडशीट. रकाने: नाव, जन्मवर्ष, उंची, क्लब, ड्राफ्टचं वर्ष आणि क्रमांक, कराराची मुदत, दुखापती, शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा.
- एएफएलचं अ‍ॅप. अठरा वर्षांखालच्या मुलांची राज्यांची स्पर्धा आणि व्हिक्टोरियातल्या टॅलेंट लीगचे सामने त्यावर बघता येतात.
- आकड्यांसाठी फूटीवायर, जुन्या ड्राफ्टच्या याद्यांसाठी ड्राफ्टगुरू. दोन्ही फुकट.
- मैदानात जायची तयारी. व्हीएफएल म्हणजे राज्य पातळीवरची लीग. मेलबर्नच्या क्लबांची वर न निवडलेली मुलं तिथे खेळतात. फुट्सक्रेच्या व्हिटन ओव्हलवर कठड्याला टेकून उभं राहिलं की जे दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही. जुलैत जाणार असाल तर कानटोपी घ्या.

१. उंच फॉरवर्ड तुमच्या लीगमध्ये परवडतो का, ते तपासा

बहुतेक लीग एएफएल फॅन्टसीचे गुण वापरतात. किकला ३, हँडबॉलला (हाताने मारलेल्या पासला) २, मार्कला (किकने आलेला चेंडू हवेतच पकडण्याला) ३, टॅकलला (चेंडूवाल्याला धरून अडवण्याला) ४, हिटआउटला (वर उडवलेला चेंडू टॅप करण्याला) १, गोलला ६, बिहाइंडला (बाजूच्या खांबांमधून गेलेल्या फटक्याला) १. फ्री किक मिळाली तर १ गुण, आपल्या विरुद्ध गेली तर ३ वजा.

आता हिशेब करू. उंच फॉरवर्डचा छान दिवस: १० किक, ३ हँडबॉल, ७ मार्क, १ टॅकल, ३ गोल, २ बिहाइंड आणि एक फ्री किक विरुद्ध. बेरीज ७८. त्याच संध्याकाळी मधल्या फळीतला एखादा खेळाडू १५ किक, १२ हँडबॉल, ४ मार्क आणि ५ टॅकल करून, एकही गोल न मारता, १०१ घेऊन जातो. आणि हा त्याचा नेहमीचाच दिवस. आपल्या उंच गड्याचा वाईट दिवस मात्र असा असतो: ४ किक, २ हँडबॉल, २ मार्क, १ बिहाइंड, दोन फ्री किक विरुद्ध. बेरीज १७.

म्हणून नियमांचा कागद उघडून दोन गोष्टी शोधा. संघात उंच फॉरवर्डसाठी वेगळी राखीव जागा आहे का? गोलला किंवा झटापटीत घेतलेल्या मार्कला जादा गुण आहेत का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर हा लेख इथेच मिटवा आणि मधल्या फळीतली पोरं गोळा करा. आमच्या लीगमध्ये एक जागा उंच फॉरवर्डसाठी राखीव आहे, त्यामुळे प्रत्येकाला निदान दोन तरी लागतात, आणि सगळी मारामारी त्यावरूनच होते.

खरा क्लब आणि तुमची लीग यांचे हिशेब वेगळे असतात, हेही आत्ताच सांगते. टॉम बॉइड २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिला. जायंट्स या क्लबकडे एकच मोसम खेळला आणि २०१४ च्या शेवटी वेस्टर्न बुलडॉग्जने आपला कर्णधार रायन ग्रिफेन देऊन त्याला आणलं. फॅन्टसीत तो कधीच मोठा नव्हता. पण २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले, त्यातला शेवटचा इतक्या लांबून की चेंडू टप्पे खात आत गेला, आणि १९५४ नंतर पहिल्यांदा बुलडॉग्ज जिंकले. आमच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत त्या रात्री कोणी झोपलं नाही. बॉइड २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. बुलडॉग्जच्या लोकांना विचारा, ते म्हणतील पैसे वसूल. ज्याच्या कीपर यादीत तो होता त्याला विचारू नका.

२. खऱ्या ड्राफ्टमधला क्रमांक वाचायला शिका

एएफएलचा ड्राफ्ट नोव्हेंबरात होतो. बोली नाही, पैसे नाहीत, क्रम असतो: तळाचा क्लब आधी, विजेता शेवटी. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलं पात्र. इथवर सोपं आहे. गोंधळ पुढे आहे.

वडील त्याच क्लबकडून निदान १०० सामने खेळले असतील तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबला मिळतो. उत्तरेकडच्या चार क्लबांना आपल्या अकादमीतल्या मुलांवर असाच हक्क असतो. दुसऱ्या क्लबने त्या मुलासाठी आपला क्रमांक लावला की हक्काचा क्लब तेवढ्या मोलाचे स्वतःचे क्रमांक देऊन त्याला उचलतो. सॅम डार्सी २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर बुलडॉग्जकडे आला तो असा; त्याचे वडील ल्यूक तिथेच खेळले होते.

जुन्या याद्या वाचताना याचा फार घोळ होतो. टॉम हॉकिन्स २००६ मध्ये ४१ व्या क्रमांकावर गेला हे वाचून आमच्यातला एकजण अजून म्हणतो, 'बघ, चाळिशीतसुद्धा रत्नं सापडतात.' त्याचे वडील त्याच क्लबचे, आणि तेव्हाच्या नियमानुसार असा मुलगा तिसऱ्या फेरीतल्या क्रमांकावर मिळायचा. खुल्या यादीत ठेवला असता तर हॉकिन्स ४१ पर्यंत उरलाच नसता. खरं उशिरा सापडलेलं माणूस बघायचं तर बेन ब्राउन बघा: टास्मानियाचा, दोन मीटर उंच, आधीच्या ड्राफ्टांत कोणी घेतलं नाही, २०१३ मध्ये ४७ व्या क्रमांकावर नॉर्थ मेलबर्नने घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं गोल मारत राहिला.

आणि पहिला क्रमांक? २००८ ते २०२२ या पंधरा ड्राफ्टांत सहा वेळा पहिला मान उंच फॉरवर्डला मिळाला: जॅक वॉट्स, जॉनथन पॅटन, बॉइड, मकार्टिन, जमारा यूगल-हेगन, आरन कॅडमन. मोसमात सर्वाधिक गोल मारणाऱ्याला कोलमन मेडल मिळतं. २०२५ पर्यंत या सहांपैकी एकालाही मिळालेलं नाही. म्हणून पहिला क्रमांक टाळा असं मी म्हणणार नाही, कॅडमन अजून कोवळा आहे. पण क्रमांकाच्या रकान्याला माझ्या शीटमध्ये आता शेवटची जागा आहे.

३. किती वर्षं थांबणार ते आधी ठरवा

इथे सगळे चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

कोलमन मिळवणाऱ्यांची ड्राफ्टची वर्षं आणि मेडलची वर्षं शेजारी शेजारी लिहून बघा. लान्स फ्रँकलिन: २००४, पहिलं मेडल २००८. हॅरी मकाय: २०१५, मेडल २०२१. चार्ली कर्नो: तोच ड्राफ्ट, मेडल २०२२ आणि २०२३. जॉश केनेडी: २००५, मेडल २०१५, तेही दुसऱ्या क्लबकडे. जेसी होगन: २०१२ मध्ये मेलबर्नने निवडला, मेडल २०२४ मध्ये जायंट्सकडून, मध्ये फ्रीमँटलही झालं. आणि हॉकिन्स, २००६ आणि २०२०. चौदा वर्षं! तोवर त्याच्यासोबतची निम्मी मुलं टीव्हीवर समालोचन करत होती.

हॉकिन्सचंच बघा. २०११ च्या मोसमात जीलॉंगमध्ये त्याच्या जागेवरून कुजबुज होती. मग त्या वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले आणि पुढच्या वर्षापासून त्याच्याबद्दल कोणी शंका काढली नाही. ड्राफ्टनंतरचा हा पाचवा मोसम.

मधल्या फळीतला चांगला मुलगा दुसऱ्या वर्षी गुण द्यायला लागतो. उंच फॉरवर्डला वेळ लागतो, कारण त्याचं काम अंगाचं आहे. सतरा वर्षांचा १९८ सेंटिमीटरचा मुलगा आपल्या वयाच्या मुलांत हात वर केला तरी मार्क घेतो. वर आला की त्याच्या पाठीला अठ्ठावीस वर्षांचा, शंभर किलोचा बचावपटू चिकटतो, ज्याने दहा वर्षं हेच केलंय. आमच्याकडे तालमीत नव्या पोराला मोठ्या जोडीत सोडत नाहीत. आधी वर्षं दोन वर्षं माती अंगाला लागू देतात. इथे कधीकधी सोडतात. २००८ चा पहिला क्रमांक जॅक वॉट्स बारावीत शिकत असतानाच जून २००९ मध्ये क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीतल्या सामन्यात, मोठ्या गर्दीपुढे एमसीजीवर, कॉलिंगवूडविरुद्ध उतरवला गेला. कॉलिंगवूडच्या गड्यांनी त्याला चेंडू मिळताच अक्षरशः घेरून पाडला. ते दृश्य त्याच्या नावाला वर्षानुवर्षं चिकटलं. २०१७ मध्ये त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध अखेरच्या क्षणांत सामना जिंकून देणारा गोल वॉट्सनेच मारला, हे मात्र फार जणांना आठवत नाही.

अपवाद असतात. जेरेमी कॅमरन जायंट्सच्या पहिल्याच मोसमात, २०१२ मध्ये खेळायला लागला आणि २०१३ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तमांच्या, संघात होता. लोक हा एकच दाखला देऊन तुम्हाला घाई करायला लावतील.

माझा नियम: घेतलेला उंच मुलगा तीन मोसम हलवायचा नाही. आंबे आढीत घातले की रोज गवत उचलून बघत नाहीत, तसं. तुमच्या लीगमध्ये तीन वर्षं रिकामी जागा अडवून ठेवणं परवडत नसेल तर ड्राफ्टमध्ये मुलगा घेऊच नका, सरळ नवव्या पायरीवर जा.

४. सामना बघताना नजर कुठे ठेवायची

चेंडूवर ठेवू नका. हे पहिल्यांदा अवघड जातं, क्रिकेटवाल्यांना जास्तच, पण चेंडू दुसऱ्या टोकाला असताना आपला मुलगा काय करतोय ते बघा. मी कागदावर चार खुणा करते.

पहिली, हात. चेंडू अंगावर न घेता हात लांब करून, डोक्यापुढे पकडतो का? छातीवर घेणाऱ्याचा चेंडू मागचा माणूस मुठीने सहज उडवतो. मोठ्या बचावपटूंचं निम्मं पोट त्या मुठीवर चालतं.

दुसरी, धाव. इथे तिला लीड म्हणतात: चेंडू टाकणाऱ्याच्या दिशेने अचानक सुटायचं. चांगला मुलगा एकदा सुटतो, चेंडू आला नाही की वळून पुन्हा सुटतो, पुन्हा नाही आला की तिसऱ्यांदा. कच्चा मुलगा एकदा धावतो आणि मग हात पसरून मधल्या फळीकडे तक्रारीच्या नजरेने बघत राहतो. हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. त्यासाठीच कठड्याला टेकायचं.

तिसरी, चेंडू जमिनीवर पडल्यानंतर काय? मार्क सुटला, चेंडू खाली पडला, आता दोन मीटरचा मुलगा वाकतो का, टॅकलला जातो का? टॅकलचे ४ गुण आहेत, एका मार्कपेक्षा जास्त. शिवाय जो जमिनीवर झगडतो त्याला प्रशिक्षक गोल नसले तरी संघात ठेवतो. संघात राहिला तरच तो शिकणार.

चौथी, सेट शॉट. मार्क घेतला की निवांत उभं राहून गोल मारायची संधी मिळते, घड्याळ ३० सेकंदांचं. मुलगा प्रत्येक वेळी तेवढीच पावलं मोजतो का, चेंडू हातातून तसाच सोडतो का, एवढंच बघा. बेन ब्राउनची धाव मैलभर लांब होती, बघणारे हसायचे, पण ती दर वेळी तीच होती. आकड्यांत एक फसवणूक आहे: गोल आणि बिहाइंड यांचं गुणोत्तर काढून लोक अचूकता सांगतात. जो फटका खांबांपर्यंत पोचलाच नाही, किंवा थेट सीमेबाहेर गेला, तो या दोन्हींत धरला जात नाही. म्हणून खूप लांबून चुकणारा मुलगा कागदावर उगाच बरा दिसतो. फटके स्वतः मोजा.

उंची? १९५ च्या पुढे असेल तर मी तो रकाना परत बघत नाही. मकाय २०४, डार्सी २०८, कर्नो त्यांच्यापुढे बुटका वाटावा असा १९४ च्या आसपास, आणि दोन मेडलं कर्नोकडे.

५. दुसरं काम येतं का?

उंच मुलाला थोडा वेळ रकमध्ये, म्हणजे चेंडू वर उडवल्यावर तो टॅप करायला लावतात. प्रत्येक हिटआउटला १ गुण. दिवसाला बारा झाले तर बारा गुण फुकट, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फॅन्टसीत त्याला फॉरवर्ड आणि रक अशा दोन्ही जागा मिळू शकतात. दोन जागांवर चालणारा खेळाडू तुमचा रकवाला आजारी पडला की सोन्याच्या भावाचा. दोन मुलं सारखी वाटली तर मी डोळे झाकून रक येणारा घेते.

काही मुलं मागून पुढे येतात. आरन नॉटन २०१७ मध्ये बुलडॉग्जने नवव्या क्रमांकावर बचावपटू म्हणून घेतला. पहिला मोसम मागे खेळला, दुसऱ्या मोसमात पुढे आला आणि तिथलाच झाला. उलटंही घडतं, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात 'मागे जाऊ शकतो' असं लिहून ठेवा. मागे गेला तर घाबरू नका, बचावपटूंना मार्क भरपूर मिळतात.

६. क्लबात खुर्ची रिकामी आहे का?

एका संघात उंच फॉरवर्डच्या दोन, फार तर तीन जागा. त्यांवर कोण बसलंय, त्यांची वयं काय, करार कधी संपतात हे बघितल्याशिवाय नाव लिहू नका.

लोगन मॉरिसचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये ३१ व्या क्रमांकावर ब्रिस्बेनने घेतला आणि २०२४ च्या विजेत्या संघात तो होता. त्या विजयानंतर जो डॅनिहर निवृत्त झाला, म्हणजे खुर्ची आणखी मोकळी. मग २०२५ च्या शेवटी वेस्ट कोस्टचा ऑस्कर अ‍ॅलन ब्रिस्बेनला आला. खुर्च्यांचा हिशेब दर ऑक्टोबरात, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या दिवसांत, नव्याने मांडावा लागतो. त्याच ऑक्टोबरात कर्नो कार्लटन सोडून सिडनीला गेला आणि दोन क्लबांचं गणित एका दिवसात बदललं.

पुढे दुसरा मोठा माणूस असणं वाईट नाही, उलट चांगलंच. हॉथॉर्नने २००४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जॅरिड रफहेड आणि पाचव्यावर फ्रँकलिन घेतला. कार्लटनने २०१५ मध्ये मकाय १० व्या आणि कर्नो १२ व्या क्रमांकावर घेतला. समोरच्या संघाकडे उत्तम बचावपटू एकच असतो. तो एकाला धरतो, दुसऱ्याला मोकळीक मिळते. एकट्या पडलेल्या एकोणिसाच्या मुलाला मात्र दर आठवड्याला तो उत्तम बचावपटूच भेटतो.

शेवटचं, चेंडू पुढे येतो तरी का? गोलपासून पन्नास मीटरच्या कमानीच्या आत संघ किती वेळा चेंडू आणतो तो आकडा प्रत्येक सामन्यानंतर छापतात. तळाच्या संघातला फॉरवर्ड उपाशी राहतो. तो मुलगा वाईट आहे असं ठरवण्याआधी हा आकडा बघा.

७. दुखापतींची चौकशी

गुडघ्याला घाबरू नका, निदान एकदाच गेलेल्या. मॅक्स किंगचा गुडघा ड्राफ्टच्याच वर्षी, २०१८ मध्ये गेला, तरी सेंट किल्डाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतला. जुळा भाऊ बेन सहाव्या क्रमांकावर गोल्ड कोस्टकडे, धडधाकट. मग २०२२ च्या मोसमाआधी बेनचाही गुडघा गेला आणि तो मोसम तसाच संपला. बेन परतला, भरपूर गोल मारतोय. मॅक्स २०२२ मध्ये पन्नासावर गोल मारून गेला, पण पुढे दुखणी सुटेनात. २०२५ मध्ये एकही सामना नाही. एकाच घरातले, एकाच दिवशी जन्मलेले दोघे. भाकीत करणाऱ्यांनी करावं, मी करत नाही.

जड, उंच मुलांच्या पायाच्या हाडाला बारीक तडा गेला असेल, आणि तो दुसऱ्यांदा गेला असेल, तर मी नाव खाली सरकवते. डोक्याला वारंवार मार बसलेला असेल तर यादीतूनच काढते. त्या मुलाने लवकर परत यावं अशी आशा मनात धरून दर शनिवारी टीव्हीसमोर बसणं मला २०१५ नंतर जमलेलं नाही.

८. ड्राफ्टच्या रात्री

आमचा ड्राफ्ट मार्चच्या सुरुवातीला कोणाच्या तरी मागच्या अंगणात असतो. बार्बेक्यू, पांढरा फळा, एकाकडे घड्याळ. क्रम नागमोडी: पहिल्या फेरीत जो शेवटी तो दुसऱ्या फेरीत पहिला. प्रत्येकाला दोन मिनिटं.

पहिल्या तीन फेऱ्यांत उंच मुलाला हात लावू नका. या फेऱ्यांत मधली फळी. चौथीपासून बघा, आणि एका वर्षी एकच घ्या. दोन घेतलेत की तिसऱ्या वर्षी दोन्हीही अर्धवट पिकलेले असतात आणि तुमच्या संघात माणसं नसतात. मी एका वर्षी तीन घेतले होते. त्या मोसमात तळाला आले आणि लीगच्या रिवाजाप्रमाणे वर्षभर सगळ्यांची कॉफी मीच आणली.

सामन्यातले निवडक तुकडे जोडलेला व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. त्यात सुटलेला मार्क कधीच नसतो. पहिल्या सामन्याच्या धमाक्यावरही नको. रायली थिलथॉर्पने २०२१ मध्ये पदार्पणातच पाच गोल मारले. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर त्याच्यासाठी दोन-दोन खेळाडू देऊ करत होते. मग हळूहळू सगळे गप्प झाले. २०२४ चा मोठा भाग गुडघ्याने खाल्ला. २०२५ मध्ये अ‍ॅडलेड गुणतक्त्यात पहिली आली तेव्हा त्यांच्या आघाडीत तो भक्कम उभा होता, पण तोवर त्याने आमच्या लीगमध्ये तीन मालक बदलले होते.

आणि आपलं नाव येईपर्यंत कागद झाका. बिअर घ्यायला उठताना फळ्याजवळ उघडी ठेवलेली माझी यादी एकाने वाचली होती. त्या रात्री माझ्या यादीतले पुढचे दोन्ही खेळाडू माझी पाळी येण्याआधीच दुसऱ्यांनी उचलले.

९. तिसऱ्या वर्षाचा बाजार

ज्यांच्याकडे थांबायला जागा नाही त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, हा रस्ता मला ड्राफ्टपेक्षा आवडतो. फेब्रुवारीत प्रत्येकाला नावं कमी करावी लागतात. ड्राफ्टला तीन वर्षं झालेली, पंधरा-वीस सामने खेळलेली, मालकाला कंटाळा आलेली उंच मुलं तेव्हा स्वस्तात मिळतात. तुम्ही तीन वर्षं थांबायचं ते दुसरा थांबून झालेला असतो.

हॅरी मकाय मला असा मिळाला. आमच्या गोदामातल्या एकाने तो २०१६ मध्ये घेतला होता. त्या मोसमात मकाय एकही सामना खेळला नाही, २०१७ मध्ये जेमतेम तोंड दाखवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत मी एकतीस वर्षांचा, ठरावीक गुण देणारा एक बचावपटू देऊ केला. त्याने लगेच हो म्हटलं. त्याला त्याच वर्षी जिंकायचं होतं आणि तो जिंकलाही. मी २०२१ पर्यंत थांबले.

मागणी घालायची पद्धत अशी:

- थेट त्या मुलाचं नाव घेऊ नका. 'तुझ्याकडे मागच्या फळीत कोण आहे?' इथून सुरुवात करा.
- देताना तिशीतला, दर आठवड्याला खेळणारा माणूस द्या. ज्याला यंदा जिंकायचंय त्याला तोच हवा असतो.
- बोलणी यादी कमी करायच्या तारखेआधी साधारण आठवडाभर. फार आधी गेलात तर किंमत चढते, शेवटच्या दिवशी गेलात तर तो मुलगा आधीच तिसऱ्याला गेलेला असतो.
- ठरलं की लगेच लीगच्या ग्रुपवर लिहा आणि समोरच्याला 'हो' लिहायला लावा. तोंडी व्यवहारावरून आमच्याकडे दोघे सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

नवोदितांच्या जागांसाठी वर्षाच्या मध्येही एकदा यादी उघडून बघा. एएफएलने २०१९ पासून मोसमाच्या मध्यावर छोटा ड्राफ्ट पुन्हा सुरू केलाय. राज्य लीगमध्ये गोल मारणारा एखादा वीस-बावीस वर्षांचा उंच गडी त्यातून वर येतो. त्याला थांबायची वर्षं आधीच भरून झालेली असतात आणि ऑफिसात त्या आठवड्यात बहुतेकांचं लक्षही नसतं.

यंदा माझ्या शीटमध्ये सर्वांत वर जे नाव आहे ते मात्र इथे लिहीत नाही. आमच्या लीगमध्ये नुकताच एक नागपूरकर दाखल झालाय, आणि तो सगळं वाचतो.